ताईनं न उचललेला फोन

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगून टाकतो की, आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही. माझाही नाही. पण आमच्याकडे हा जवळपास घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. बाबा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते. मी वाचायला शिकले ती अंकलिपीवरून नाही, तर पत्रकांवरून. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ हे मला ‘आई’च्या आधी वाचता यायचं, असा टोमणा आई अजून मारते. गेटसभेच्या आधी आमच्या अशोकनगरच्या घरात ताई आणि मी पत्रकांच्या घड्या घालत बसायचो. त्यांतलं एखादं बुवाबाजीविरुद्धही असायचं. बाबा म्हणायचे, भूत भेटलंच तर घाबरायचं नाही, त्याला विचारायचं, तुझी मागणी काय?

आज मी स्वतः पत्रकं लिहिते. कंत्राटी सफाई कामगारांसाठी, अंगणवाडी सेविकांसाठी. ती आता कागदावर कमी आणि मोबाईलवर जास्त फिरतात, एवढाच फरक. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते मला आवडतंय म्हणून सांगत नाहीये. मला त्याचा अजून रागच येतो... कारण ते माझ्या कुठल्याच चौकटीत बसत नाही.

माझी मोठी बहीण पायलट आहे. कंपनीचं नाव घेत नाही. लहान विमान कंपनी आहे, आणि हे घडलं तेव्हा ताई फर्स्ट ऑफिसर होती, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी उजवीकडे बसणारी. तिचं काम मुंबईहून चालायचं, सुट्टीला ती नाशिकला यायची. सुरुवातीला मी तिला चिडवायचे की, तू श्रीमंतांची ड्रायव्हर झालीस. ती म्हणायची, “ड्रायव्हरला तरी चहाला गाडी थांबवता येते.”

तिचं वेळापत्रक पाहिल्यावर माझी थट्टा बंद झाली. पायलटनं सलग किती तास उडावं, मध्ये किती झोप घ्यावी याचे सरकारी नियम आहेत. पण नियमातली कमाल मर्यादा ताईच्या कंपनीला रोजचं उद्दिष्ट वाटायची. महिन्याचं रोस्टर छापून यायचं आणि आठवड्यात त्याचा चोथा व्हायचा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सुट्टीच्या दिवशी येणारा फोन. कंपनीत क्रू कंट्रोल नावाचा विभाग असतो. कुठल्या विमानावर कोण जाणार हे तो ठरवतो. माणसं कमी ठेवलेली, त्यामुळे जरा काही बिघडलं की सुट्टीवरच्या पायलटला फोन – गाडी पाठवतोय, निघा. फोन उचलला की ड्युटी लागली. नाही म्हणालात तर लेखी कुणी काहीच म्हणायचं नाही. फक्त पुढच्या महिन्यात तुमच्या वाट्याला सगळ्या पहाटेच्या फ्लाइट यायच्या, आणि कॅप्टन होण्याच्या यादीत तुमचं नाव हळूच खाली सरकायचं.

यावर पायलट मंडळींनी एक उपाय काढला होता. सुट्टी लागली की फोन बंद. त्यांना वाटायचं, हा आपला असहकार. प्रत्यक्षात व्हायचं असं की, जुने लोक फोन बंद करून झोपायचे आणि नुकते लागलेले घाबरून उचलायचे. मग तेच थकायचे, तेच उडायचे. मागे बसलेल्या प्रवाशांना यातलं काही कळत नसे.

अखेर पायलटांची संघटना उभी राहिली. तिचे सेक्रेटरी कॅप्टन देवरे. सटाण्याचे, घरी कांद्याची शेती, बोलणं अगदी नीटनेटकं, पण मनापासून बोलायला लागले की अहिराणी डोकावणार. त्यांच्या आणि ताईच्या पिढीनं कंपनीशी करार केला. त्यात एक कलम असं होतं: सुट्टीच्या दिवशी पायलटच्या स्पष्ट संमतीशिवाय ड्युटी नाही, नकाराला कारण द्यावं लागणार नाही, आणि नकाराबद्दल शिक्षा होणार नाही. त्या कलमाचा मसुदा ताईनं आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिला होता. बाबांनी त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द खोडला. म्हणाले, करारात ‘शक्यतो’ आला की उंदराला बीळ मिळालं.

कलम आलं, पण वापरणार कोण? सवय तीच. सगळ्यांचे फोन बंद. ताईनं संघटनेच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं की, फोन बंद ठेवणं म्हणजे नकार नव्हे, ते लपणं आहे. उचला आणि नाही म्हणा. एकदा तरी कुणीतरी म्हणा, म्हणजे कलम जिवंत होईल.

मला तिचा किती अभिमान वाटला होता, काय सांगू.

आता तो दिवस. थंडीचे दिवस होते. नाशिकची थंडी कोरडी आणि कडक असते, सकाळी उन्हात बसावंसं वाटतं. उत्तरेत धुक्यानं सगळी विमानं अडकलेली, त्यामुळे ताई सलग रात्रीच्या फ्लाइट करून सकाळी घरी आली होती. चेहरा राखेसारखा. चहासुद्धा घेतला नाही. फोन बंद केला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “कुठेतरी ठेव. मला दिसायला नको.”

मी तो पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावून डबा फळीवर ठेवला. का? गंमत म्हणून. त्याच फळीखाली बसून मी मटार सोलत होते. समोर आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि ताई गोधडीत शिरलेली मला दिसत होती. बाहेर बाबा पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक वाक्याला विरोध नोंदवत होते. मी ओरडले, “बाबा, हळू वाचा ना, ताई झोपलीये. संपादकाला थोडंच ऐकू जातंय?” मग कुकरची शिट्टी झाली. बास. याखेरीज त्या सकाळी आमच्या घरात काहीही घडलं नाही. मी जागची हलले नाही. ताई कूसही न बदलता झोपली होती.

दुपारी ती उठली, जेवली, फोन चालू केला. कंट्रोलचा नंबर येऊन गेल्याचा एक मेसेज होता, फोन बंद असताना येतो तसा. तिनं तो पुसला. दुसऱ्या दिवशी ती मुंबईला गेली.

पुढच्या आठवड्यात तिला कारणे दाखवा नोटीस आली. सुट्टीच्या दिवशी कंपनीनं संपर्क साधला असता उद्धटपणे नकार दिला, कामकाजात अडथळा आणला, कॅप्टनपदासाठीचं प्रशिक्षण का थांबवू नये? ताई चक्रावली. तिचा फोन बंद होता. पण कंपनीचं म्हणणं, क्रू कंट्रोलचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात आणि हाही झालेला आहे. करारानुसार संघटनेला पुरावा मिळतो, तसं ते रेकॉर्डिंग कॅप्टन देवऱ्यांकडे आलं. ते सटाण्याहून मुंबईला चालले होते, ताईही घरी आली होती, म्हणून वाटेत आमच्याकडे थांबले. दुपारचं ऊन खिडकीतून दिवाणावर पडलेलं. त्यांनी लॅपटॉप मध्ये ठेवला आणि सुरू केलं.

कंट्रोलवर एक बाई होत्या, मराठीच, आवाजावरून दमलेल्या. त्या म्हणत होत्या की, धुक्यानं सगळं विस्कटलंय, संध्याकाळी मुंबईहून एक फ्लाइट आहे, मॅडम तुम्हाला यावं लागेल.

मग ताईचा आवाज आला.

“आज माझी सुट्टी आहे. करारानुसार मी नकार देतेय. कारण द्यायची सक्ती नाही, तरी सांगते. मी थकलेय, आणि थकलेल्या माणसानं विमान उडवू नये.”

बाई अडखळल्या. कॅप्टन होण्याच्या यादीत तुमचं नाव आहे, याची आठवण करून द्यायला वरून सांगितलंय, म्हणाल्या.

“करून दिलीत. नकार तसाच लिहा. आता तुम्ही सर्वांत नव्या पायलटला फोन कराल. त्यालाही सांगा की त्याला नाही म्हणता येतं.” मग तो आवाज म्हणाला, “तुमची शिफ्ट संपली नाही का?”

“नाही मॅडम. पुढची आलीच नाही.”

“मग तुम्हीही थकला असाल. पाणी प्या. मग लावा पुढचा फोन.”

इतकंच. ऐकताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. कुठे उद्धटपणा, कुठे काय... असं स्वच्छ बोलणं मी कुठल्या सभेतही ऐकलं नव्हतं. मी ताईकडे वळले, शाबासकी द्यायला. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता.

“मी हे बोलले नाही,” ती म्हणाली.

देवरे हसले. “हाऊ आवाज तुनाच शे, बहिन.”

“आवाज माझा आहे. पण मी बोलले नाही.”

बाबांनी चष्मा घातला आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. ते कान देऊन ऐकत होते, आवाजाच्या मागचं. ‘थकलेय’च्या जरा आधी त्यांनी हात वर केला. देवऱ्यांनी तेवढाच तुकडा मोठ्या आवाजात लावला. आणि ताईच्या बोलण्यामागे, लांबून, मी मला ऐकलं... “बाबा, हळू वाचा ना, ताई झोपलीये. संपादकाला थोडंच ऐकू जातंय?” मग कुकरची शिट्टी.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मी लगेच सुरू झाले. हा कंपनीचाच डाव आहे, एआयनं आवाज बनवता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. बाबांनी शांतपणे विचारलं, “बनवायचाच होता तर मॅनेजमेंट हिच्या तोंडी इतकं चांगलं बोलणं कशाला घालेल? आणि तुझं ते वाक्य त्यांना कुणी दिलं?” मग मी म्हटलं, ताई झोपेत बोलली असेल. पण फोन बंद होता, डब्यात होता, डबा माझ्या डोक्यावरच्या फळीवर होता. मोबाईल कंपनीकडे विचारलं. त्यांचं उत्तर एकच: फोन बंद, कॉल पोचलाच नाही. विमान कंपनीच्या यंत्रणेत मात्र तो पोचलेला, आणि बोलणं झालेलं. बाबा आयुष्यभर मॅनेजमेंटच्या लबाड्या पकडत आले. ते दोन दिवस विचार करत राहिले, आणि मग त्यांनी त्या विषयावर बोलणं सोडलं.

पण खरा पेच त्याच दुपारी पडला होता. देवऱ्यांनी तो मांडला. चौकशीत ताईनं एवढंच सांगितलं की फोन बंद होता, मोबाईल कंपनी तसं सांगतेय, तर आरोप तिथंच संपतो. सुट्टीच्या दिवशी फोन चालू ठेवायची सक्ती नाही. ताई सुटेल, कॅप्टनही होईल. पण मग नकार कुणी दिलाच नाही असं होईल, आणि ते कलम पुन्हा कागदावर पडून राहील. आवाज माझाच म्हणाली, तर कलमाची लढाई उभी राहील, संघटना मागे उभी राहील, पण कॅप्टनपद जाऊ शकतं. कदाचित नोकरीही.

मी म्हटलं, घे अंगावर. आवाज तुझा, शब्द तुझे, मागे माझीसुद्धा साक्ष. माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षकही तयार होतं.

“आणि खोटं बोलू?” ताई म्हणाली.

ती पुढे म्हणाली, “सगळ्यांना मी सांगत फिरले, उचला आणि नाही म्हणा. आणि माझी वेळ आली तेव्हा मी फोन पोह्यांत पुरला. हे जिनं केलं, ती मी.”

देवरे म्हणाले, “थकलेली होतीस.”

“थकलेली होतेच. पण घाबरलेली पण होते, सर.”

चौकशी मुंबईला झाली. मी अर्थातच आत नव्हते. संघटनेचे प्रतिनिधी म्हणून देवरे होते. त्यांनी नंतर आमच्या दिवाणावर बसून सांगितलं ते असं. समोर तीन अधिकारी. रेकॉर्डिंग वाजवलं. त्यांनी विचारलं, हा तुमचा आवाज ना? ताईनं सांगितलं की माझ्यासारखा आहे, पण त्या दिवशी माझा फोन बंद होता, हे मी बोललेले नाही. मोबाईल कंपनीचं उत्तर पुढे ठेवलं. कलमाचा प्रश्न टळला, म्हणून मुख्य अधिकाऱ्यांना सुटल्यासारखं झालं. मग विषयच संपला, म्हणाले, आणि फाइल मिटायला लागले.

“संपत नाही,” ताई म्हणाली. “मी फोन बंद ठेवला, कारण नाही म्हणायची मला भीती वाटत होती. तुमच्या यादीची भीती. ती ड्युटी मला आत्ता विचारा.”

आता विचारून काय अर्थ, असं ते म्हणाले.

“अर्थ नकाराचा आहे. या रेकॉर्डिंगमधला शब्दन् शब्द मी आज माझ्या नावावर घेते. लिहून घ्या. कारवाई करायची तर त्यावर करा.”

मग एका अधिकाऱ्यानं विचारलं की, तुम्ही नव्हतात तर फोनवर कोण होतं?

“मला माहीत नाही,” ताई म्हणाली. “पण ती बरोबर बोलत होती.”

हे सांगताना देवऱ्यांचे डोळे भरून आले होते. चार चौकशा लढलेला माणूस. म्हणाले, मी तिला टेबलाखालून गुपचूप खुणावत होतो, बस खाली, सुटलीस तू, बस. पोरगी बसलीच नाही.

कंपनीनं ताईचं प्रशिक्षण थांबवलं. तिच्याबरोबरचे कॅप्टन झाले, ती उजवीकडेच राहिली. ते महिने आमच्या घरात जड गेले, खोटं कशाला सांगू. पण तिकडे चौकशीत काय झालं ते पायलटांमध्ये पसरलं, आणि एकेक फोन चालू व्हायला लागला. सुट्टीच्या दिवशी कंट्रोलचा फोन आला की लोक उचलायचे आणि म्हणायचे, करारानुसार मी नकार देतोय. आधी जुने, मग नवेसुद्धा. एवढ्या सगळ्यांना नोटीस देणं कंपनीला जमेना. ताईवरची नोटीस त्यांनी गाजावाजा न करता मागे घेतली. आता नव्या पायलटांची भरती सुरू आहे. उशिरा का होईना, ताई कॅप्टन झाली.

मध्यंतरी ऑफिसात तिला त्या कंट्रोलवरच्या बाई भेटल्या. त्यांनी ताईचा हात धरला. म्हणाल्या, त्या दिवशी मी खरंच उठून पाणी प्यायले, आणि पुढच्या पायलटला सांगितलं की तुम्हाला नाही म्हणता येतं. तो रडायलाच लागला फोनवर. मग जरा बिचकत म्हणाल्या, “एक विचारू मॅडम? तुम्ही बोलत होता तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ताई झोपलीये. मला वाटलं, घरात अजून एक ताई असेल.”

आमच्या घरात ताई एकच आहे.

मी यावर डोकं खूप शिणवलं. आवाजाच्या तांत्रिक गोष्टी जाणणाऱ्या एका मित्राला तो तुकडा ऐकवला. त्याच्या मते तो कुठेही जोडलेला नाही, एकाच खोलीतला, एकाच वेळचा आहे. लोक मला म्हणतात की तो ताईचा अंतरात्मा होता, कुणी म्हणतं कुलदेवीनं राखलं. मला यातलं काही पटत नाही, आणि दुसरं काही माझ्याकडे नाही. इथल्या वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त चमत्कार म्हणून ताईचं श्रेय काढून घेऊ नका, एवढीच विनंती. चमत्कारानं तिच्याऐवजी नकार दिला होता, आणि ‘ती मी नव्हेच’ म्हणून सुटायची वाटही ठेवली होती. ती त्या वाटेनं गेली नाही.

गेल्या महिन्यात ताई सुट्टीला आली होती. आम्ही सगळे जेवत होतो, तिचा फोन ताटाशेजारी होता. तो वाजला. कंट्रोल. तिनं घास खाली ठेवला, डाव्या हातानं फोन उचलला. आम्ही सगळे थांबलो.

“आज माझी सुट्टी आहे,” ती म्हणाली. “करारानुसार मी नकार देतेय.”

तिचा आवाज थरथरत होता. कॅप्टन झालीये, तरी. रेकॉर्डिंगमधला जरासुद्धा थरथरला नव्हता. तो कुणाचा होता हे मला आजही सांगता येत नाही. पण मला विचाराल तर दोन्हींत मोठा हा होता.